फरजानाचे खांदे

कळसमध्ये एसटी थांबते तिथून बाजाराकडं वळलं की फारुकचा फोटो स्टुडिओ लागतो. पाटीवरची अक्षरं उन्हानं केव्हाच उडाली, पण त्यानं कुणाचं काही अडत नाही. 'फारुककडं जाऊन ये' एवढं म्हटलं की पंचक्रोशीतल्या पोराबाळांनाही कळतं. नाकासमोर चालणारा माणूस. लग्नाच्या मांडवात नवरीच्या बापापेक्षा जास्त घामाघूम होणार, आणि चारदा बोलावल्याशिवाय पंगतीला बसणार नाही. कॅमेरा डोळ्याला लावला की मात्र त्याची जीभ सुटायची. रुसलेल्या करवल्या, दाढ दुखणारे मामा, सगळ्यांना तो हसवायचा.

पण त्याचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे मेलेली माणसं. आपल्याकडं माणसाची किंमत मेल्यावर कळते आणि त्याचा फोटोही तेव्हाच आठवतो. जिवंतपणी म्हातारीला कुणी स्टुलावर बसवून 'जरा हस की गं आई' म्हटलेलं नसतं. ती गेली, दहावा तोंडावर आला, की थोरला मुलगा घरभर उलथापालथ करतो. हाती लागतो मतदानकार्डावरचा भ्यालेला चेहरा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला फोटो, ज्यात म्हातारी मागच्या रांगेत दोन फेट्यांच्या मधून डोकावतेय. तो कागद घेऊन मुलगा फारुककडं येतो आणि म्हणतो, एवढ्यावरनं मोठा करून द्या, पण चांगला करा. चांगला करा म्हणजे काय, ते फारुकला न सांगता कळायचं. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण फोटोंनाही लागू आहे. जन्मभर विटक्या लुगड्यात उसाला पाणी दिलेली बाई भिंतीवर चढते तेव्हा तिला काठापदराचं लुगडं लागतं, गळ्यात ठुशी लागते, आणि ओझ्यानं वाकलेले खांदे ताठ लागतात.

ते खांदे फारुक द्यायचा. म्हातारीचा चेहरा तेवढा कापून घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर तयार असलेल्या एका बाईच्या धडावर बसवायचा. डोक्यावरून पदर, पदराच्या आत चेहऱ्याची जागा मोकळी, खाली गळा, खांदे, आणि छातीवर आलेले लुगड्याचे काठ. लुगड्याचा रंग घरच्यांना विचारून बदलायचा. बाई अहेव गेली असेल तर गळ्यात मंगळसूत्र घालायचं, विधवा असेल तर नाही. अशी कितीतरी वर्षं गेली. कळसपासून इंदापूरपर्यंत आणि इकडं बारामती तालुक्यात सांगवीपर्यंत, फारुकच्या गिऱ्हाइकांपैकी ज्या घरची म्हातारी गेली त्या घराच्या भिंतीवर चेहरा तिचा आणि खांदे मात्र ह्या एकाच बाईचे. कुणाच्या ध्यानात आलं नाही. भिंतीवरच्या सासूच्या खांद्यांकडं बघतंय कोण?

ते खांदे फरजानाचे होते. फरजाना म्हणजे फारुकची बायको.

झालं होतं असं. फारुकनं नवा डिजिटल कॅमेरा घेतला त्याच साली कळसच्या सावळारामतात्यांची आई गेली. तात्यांची बायको द्वारकाबाई स्वतः दुकानात आली. तिच्या हातात म्हातारीचं मतदानकार्ड होतं आणि पिशवीत म्हातारीचं इरकली लुगडं. सासूला ह्याच लुगड्यात बसवायची, असा तिचा हट्ट. तोवर फारुक कॅलेंडरवरच्या बायकांच्या साड्या कापून वेळ मारून नेत असे. तसलं काही तिच्यापुढं चालण्यातलं नव्हतं. पण लुगडं नेसून कॅमेऱ्यासमोर बसायचं कुणी? मेलेल्या बाईचं लुगडं, त्यातून फोटो, आणि पुढं त्या फोटोला हार पडणार. द्वारकाबाईच्या जावेनं हात झटकले, सुनेनं तर कानावर हात ठेवले, आणि खुद्द द्वारकाबाईलाही धीर होईना. स्टुडिओच्या मागच्या खोल्यांतच फारुकचं बिऱ्हाड. फरजाना चहा घेऊन पुढं आली होती. ती म्हणाली, मी बसते की, त्यात काय.

द्वारकाबाई चरकली. जित्या माणसाच्या फोटोला हार पडू नये, आयुष्य खुंटतं, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. तिनं तसं तोंडावर सांगितलं. फरजाना हसली. फोटो तुमच्या सासूबाईंचा, त्यात मी कुठली, असं तिचं म्हणणं. फारुकनंही शब्द दिला, की हे एवढ्या एका फोटोपुरतं, पुन्हा नाही. मग द्वारकाबाईनं तिला आतल्या खोलीत नेऊन नऊवारी नेसवलं, आपल्या गळ्यातली ठुशी काढून तिच्या गळ्यात घातली, डोक्यावरून पदर दिला. फरजानाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला ताईत होता, तिच्या आईनं बांधलेला. तो काढायला ती काही केल्या तयार होईना, म्हणून ताईत पोलक्यात दडपला. दोरा तेवढा ठुशीच्या वर डोकावत राहिला.

स्टुलावर बसल्यावर तिला हसू आवरेना. पाटलीणबाई वाटतेय का मी, असं दोनदा विचारून झालं. खांदे हलतायत, गप बस, म्हणून फारुक ओरडला. तेव्हा तिनं खांदे ताठ केले, पण तोंडावरचं हसू काही आवरलं नाही, आणि त्यानं बटण दाबलं.

फोटो फार सुरेख आला होता. आणि इथंच फारुकनं घाण करून ठेवली. नवं यंत्र, नवखा हात. त्यानं पदरातला चेहरा पुसला आणि फोटो त्याच नावानं, मूळ फोटोवरच, ठेवून दिला. हसणारी फरजाना गेली ती गेलीच. त्याला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. बायको घरातच होती आणि बघावं तेव्हा हसत होती.

शब्द एका फोटोचा होता. पण थोड्याच दिवसांत दुसरी एक म्हातारी गेली. दहावा उद्यावर आलेला, मुलगा दारात उभा, आणि धड तयार. मग तिसरी गेली. आयतं मिळालेलं कुणाला सुटतं? फारुकलाही सुटलं नाही. दोरा पुसायला त्यानं सुरुवातीला आळस केला आणि पुढं तो पुसावा असं त्याला कधी वाटलंच नाही. त्यामुळं विठ्ठलाची माळ घातलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या गळ्याशी ताइताचा काळा दोराही आहे.

फरजानाला ह्याचा पत्ता लागला तो एका घरी दुखवट्याला गेली तेव्हा. भिंतीवर नजर गेली आणि तिनं स्वतःला ओळखलं. घरी येऊन ती भांडणार, असं फारुकनं धरलं होतं. तिनं आधी पोट धरून हसून घेतलं. फारुकची आई बानूबाई जुन्या वळणाची. पोटासाठी दुकानात माणसांच्या तसबिरी काढा, पण राहत्या घरात एकही लावायची नाही, ज्या घरात तसवीर असते तिथं फरिश्ते येत नाहीत, असा तिचा दंडक. ती गेल्यावरही घरानं तो पाळला; भिंतीवर घड्याळ आणि कॅलेंडर, बाकी काही नाही. त्या कोऱ्या भिंतीकडं बोट करून फरजाना म्हणाली, "आपल्या घरात माझा फोटो न्हाय, आन् अख्ख्या तालुक्यात मला हार पडतोय."

तेव्हापासून हा दोघांच्या थट्टेचा विषय होऊन बसला. कुठल्या घरचा फोटो मंगळसूत्राशिवाय तयार होताना दिसला की ती विचारायची, तुम्ही जिते असताना मला कितींदा विधवा करणार. फारुक मान खाली घालून हसायचा आणि काम चालू ठेवायचा.

तिचे दुसरे फोटो नव्हतेच असं नाही. आधारकार्ड होतं, मुलाच्या, अनसच्या, मोबाइलमध्ये ईदचे थोडे फोटो होते. पण फोटो काढतायत म्हटलं की ती ओठ मिटून, परक्याच्या दारात उभी राहिल्यासारखी अंग चोरून उभी राहायची. एकदाच ती मोकळी हसली होती, तेही दुसऱ्या बाईच्या लुगड्यात, आणि तो चेहरा तिच्या नवऱ्यानं पुसला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तीन पावसाळ्यांमागं तिच्या पायांवर सूज आली. दगदगीनं असेल म्हणून घरच्यांनी अंगावर काढलं. मग तोंडही सुजलं आणि बारामतीच्या डॉक्टरांनी दोन्ही किडन्या गेल्याचं सांगितलं. अनस लोणी देवकरला कंपनीत कामाला. तो पाळ्या बदलून घ्यायचा आणि आठवड्यातून दोनदा तिला मशीनवर रक्त शुद्ध करायला बारामतीला न्यायचा. फारुक लग्नांच्या ऑर्डरी घेत राहिला, कारण औषधं त्यातूनच यायची. जिथं जाईल तिथं तो लोकांना हसा म्हणत होता.

अशातच त्याला सांगवीला आप्पासाहेबांच्या घरी साखरपुड्याचं काम आलं. ओसरीवर आप्पासाहेबांच्या गेलेल्या बायकोचा फोटो होता, फारुकनंच केलेला, आणि शेजारी आप्पासाहेबांचा स्वतःचा, सोसायटीच्या सत्कारातला. पाहुण्यांच्या गडबडीत एका चिमुरड्या नातीनं खुर्चीवर चढून आजीच्या फोटोचा चंदनी हार काढला आणि आजोबाच्या फोटोला घातला. खेळ आपला. पण घरातल्या बायका अशा किंचाळल्या की सनई बंद पडली. पोरीच्या पाठीत धपाटा बसला. कुणी हार ओढून काढला, कुणी मीठ-मोहऱ्या आणल्या आणि आप्पासाहेबांना पाटावर बसवून त्यांच्यावरून उतरून टाकल्या. आप्पासाहेब कारखान्याच्या सभेत भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, तोही मुकाट बसून राहिला. जित्या माणसाला हार, असं एकमेकींना म्हणत बायकांचं कितीतरी वेळ चाललं होतं.

फारुक कॅमेरा छातीशी धरून उभा होता. हार पुन्हा आजीच्या फोटोला घातला गेला. तो ज्या खांद्यांवर टेकला ते खांदे त्या घटकेला बारामतीत मशीनजवळच्या खाटेवर पडून होते. द्वारकाबाईचे शब्द त्याला त्या ओसरीवर इतक्या वर्षांनी आठवले. एक हार घातला तर घर हादरतं. मग त्यानं तर गावोगाव, घरोघर फरजानाच्या गळ्यात हार घालायला लावले होते, जिती असताना, आणि सणावाराला ताजे.

घरी येऊन हे तिला सांगावं असं त्याला फार वाटलं. पण ती थकून पडली होती आणि हे ऐकून ती हसली असती, ते त्याला सहन झालं नसतं. त्यानंतर कुणाची म्हातारी गेली की मशीन बिघडलंय म्हणून तो गिऱ्हाईक परतवून लावू लागला. त्याचा काही उपयोग व्हायचा नव्हता. हुरड्याच्या दिवसांत एका सकाळी फरजाना गेली. कळसच्या कबरस्तानात तिला माती दिली. जन्मभर दुसऱ्यांच्या मयतीला फोटो काढत आलेल्या फारुकनं त्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी त्याची गत झाली. कुठल्याही घरी कामाला गेलं की पहिली नजर भिंतीवर. नवरा-नवरीला उभं करताना मागच्या भिंतीवर फरजानाचे खांदे, बारशाच्या पाळण्यामागं फरजानाचे खांदे, आणि प्रत्येक ठिकाणी त्यावर हार. बायको गेलेल्या माणसाला लोक सांगतात, विसरायचा प्रयत्न करा. ह्यानं विसरावं कसं? त्यानं आडवळणानं मौलानांना विचारून पाहिलं. हा सगळा वहम आहे, मौत आपल्या वेळेला येते, असं त्यांनी समजावलं. फारुकनं मान डोलावली. डोक्याला पटलं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. माझ्या हातानं ती गेली, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली होती, आणि हे तो मुलाशीसुद्धा बोलू शकत नव्हता.

शेवटी त्यानं ठरवलं, तिला सगळ्या भिंतींवरून उतरवायची. ती गेली ती गेली, निदान आता तरी तिच्यावरचे हार थांबावेत.

त्यानं गावोगाव निरोप दिला, जुना फोटो द्या आणि नवा झकास करून घेऊन जा, पैसे नकोत. फुकट म्हटल्यावर लोक आधी संशयानंच बघतात. पंचायतीला उभा राहतोयस काय, की झेडपीला, असं त्याला चौकात विचारून झालं. मग एकानं नेला, त्याचं बघून दुसऱ्यानं. नवे फोटो चकचकीत होते. मोबाइलमध्येच आता हवं ते धड मिळतं, ते अनसनं त्याला दाखवलं होतं. गुळगुळीत गळा, झगझगीत पैठणी, दिवाळीच्या जाहिरातीतल्यासारखी. कधी जन्मालाच न आलेल्या कुठल्यातरी बाईचे खांदे. लोक खूश झाले. आई काय उठून दिसतीय, म्हणाले. काही म्हाताऱ्या पडक्या घरांबरोबर आधीच गेल्या होत्या, तिथं नवे बंगले झाले होते. जे उरले ते सगळे फारुकनं वर्षभर मोटारसायकलवरून हिंडून गोळा केले. कुठं कुणाचा फोटो आहे ते त्याला पाठ होतं.

जुने फोटो जाळायला त्याचा हात होईना. चेहरे लोकांच्या आयांचे होते. फ्रेममधून काढून तो ते सांगवीला नेई आणि सकाळच्या पारी नीरेत सोडी. कागद थोडा वेळ तरंगायचे. पाणी आधी कुठं शिरायचं कोण जाणे, पण चेहरा विरायचा आणि लुगड्याचा रंग मागं राहायचा. तो पूर्ण बुडेपर्यंत फारुक काठावर उभा राहायचा. मग एक दिवस त्यानं कॉम्प्युटरवरचं ते मोकळ्या चेहऱ्याचं धडही पुसून टाकलं, आणि ज्या सीडीवर जपून ठेवलं होतं ती मोडली. त्या दिवशी त्याला जरा हलकं वाटलं.

आता एकच फोटो राहिला होता, सर्वांत पहिला. तो त्यानं मुद्दाम मागं ठेवला होता. द्वारकाबाईला तोंड दाखवायची त्याची छाती होत नव्हती.

तात्यांची वस्ती गावाबाहेर, उसाच्या मधोमध. फारुक गेला तेव्हा तात्या मळ्यात होते आणि सत्तरी गाठलेली द्वारकाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं त्याला आत घेतलं, चहा टाकला, अनसची विचारपूस केली. समोर भिंतीवर तिची सासू. इरकली लुगडं, ठुशी, वर काळा दोरा. चंदनाचा जुना हार होता, आणि फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात, काचेच्या कडेला, शेवंतीचं एक ताजं फूल खोचलेलं. फारुकनं नजर काढून घेतली. मग फ्रेमला वाळवी लागलीय, रंग उडालाय, मी नवा करून आणतो, असं तो काहीबाही बोलू लागला.

द्वारकाबाईनं कपबशी त्याच्यापुढं ठेवली. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपिवतुस? फरजानाला न्यायला आलायस न्हवं?"

फारुकनं समोरची कपबशी बाजूला सारली. एवढे महिने जे कुणाशी बोलला नव्हता ते तोंडातून बाहेर पडलं. "मावशी, तुमी तवाच सांगितलं हुतं. मी एकदाचं म्हणून शब्द दिला आन् समद्या गावांकडनं तिला हार घालून घेतलं. जिती असताना. माझ्या हातानं गेली ती." आणि पन्नाशीचा तो माणूस गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला.

द्वारकाबाईनं त्याला रडू दिलं. मग पदरानं स्वतःचं नाक पुसून म्हणाली, "हारानं माणूस मरत असतं, तर ह्या माझ्या सासूनं मला लगीन झाल्याच्या सालीच हार घातला असता. मी बोलले हुते ते खरं. लहानपणापास्नं ऐकलेलं बोलले. पर तिला किडन्यांनी नेलं, बाबा. हारानं न्हाय."

फारुकला रडता रडता हसू आलं. कित्येक महिन्यांत तो पहिल्यांदा हसला. मनावरचा दगड कुणीतरी उचलतंय असं त्याला वाटलं.

मग द्वारकाबाईनं पुढचं सांगितलं. फरजाना जायच्या आधी थोडे दिवस, बारामतीहून परतताना, तिनं अनसला गाडी वस्तीवर घ्यायला लावली होती. पोराला बाहेरच थांबवलं आणि भिंतीला धरून धरून ती आत आली. ह्या फोटोखाली बसली. नुसती वर बघत राहिली.

"मग म्हणाली," द्वारकाबाईचा आवाज खाली आला, "मावशी, आमच्यात फोटो लावत न्हाईत. मातीत गेले की मी कुठं दिसायची? पर माझ्या मालकांनी मला लई घरांत ठिवलीय. कुणाच्या बी दारात गेलं तरी मी आधीच तितं जाऊन बसलेली असते. आजारपणात त्याचाच लई आधार वाटतोय. तुमी सासूला हार घालाल, तवा एक फूल माझं म्हणून घाला."

कोपऱ्यातल्या शेवंतीकडं फारुकचं आता नीट लक्ष गेलं.

हे त्याला आधी का सांगितलं नाही, तर फरजानानंच बजावलं होतं. ते उगं रडत बसतील, असं म्हणाली होती. आणि फारुक जुने फोटो बदलून देतोय हे द्वारकाबाईच्या कानावर होतं, पण तिला वाटलं बायकोची आठवण म्हणून आपल्यापाशी गोळा करत असेल. ते नीट ठेवलेस ना, असं तिनं सहज विचारलं.

"नीरेत सोडलं," फारुक म्हणाला.

"समदं?"

"व्हय."

"आन् तुझ्या त्या मशीनमधलं?"

"तेबी पुसलं."

द्वारकाबाईनं भिंतीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "मग एवढीच ऱ्हायली म्हण," ती म्हणाली.

बाहेर उसातून मोटारीचं पाणी चालल्याचा आवाज येत होता. फरजानानं मरताना ज्या घरांचा आधार धरला होता त्या एकेका घरातून तो तिला स्वतःच्या हातानं, मोटारसायकलवरून, बाहेर काढत हिंडला होता, आणि तिला सोडवतोय असं समजत होता. दगड मनावरून उचलला गेला होता तो आता दुप्पट वजनानं परत येऊन बसला. पहिल्या दुःखात निदान दोष हाराचा तरी होता. हे दुःख नुसतं त्याचं होतं.

उठताना त्यानं खिशातून मोबाइल काढला. फोटोचा फोटो घ्यावा, एवढं तरी घरी न्यावं. पण काचेत त्याचा स्वतःचाच चेहरा दिसत होता, नेमका तिच्या खांद्यांवर. काच चमकली की कसं उभं राहायचं हे तो दुसऱ्यांना शिकवायचा. तो डावीकडं सरकला, उजवीकडं सरकला, आणि मग मोबाइल खिशात ठेवून दिला. ही जागा तिनं स्वतः निवडली होती. इथून तिला कुठं हलवायचा हक्क आपला उरला नाही, असं त्याला वाटलं. फ्रेम जराशी कलली होती, तेवढी त्यानं बोटानं सरळ केली. बघायला येत जा, द्वारकाबाई म्हणाली.

आता दर जुम्म्याला, नमाज झाली की फारुक वस्तीवर जातो. गावाला वाटतं, तात्यांशी त्याचं जमतं. तात्या कारखान्याच्या तारखा आणि उसाच्या जाती सांगत बसतात, आणि तो व्हय व्हय करतो. द्वारकाबाई शिळं फूल काढून ताजं खोचते आणि चहा आणते. भिंतीवरून तिची सासू सगळ्यांकडं करड्या नजरेनं बघत असते. फारुक तिच्या डोळ्याला डोळा देत नाही. हनुवटीच्या खाली, जिथं ठुशीच्या वर काळा दोरा डोकावतो, तिथं बघत तो चहा पितो, आणि कप रिकामा झाला तरी हातात धरून बसतो.